पुराव्याला श्रोता हवा

प्राचीन इतिहास, पुरातत्त्व आणि सांस्कृतिक वारसा या विषयांत पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्याला परिषदेत आपला शोधनिबंध मांडायला बहुधा पंधरा-वीस मिनिटे मिळतात. तेवढ्यात त्याने एखाद्या लेण्यातल्या झिजलेल्या शिलालेखाचे वाचन, जुन्या वस्तीच्या पांढरीच्या टेकाडावर वेचलेल्या खापरांचे वर्गीकरण किंवा एखाद्या बारवेच्या बांधणीचा काळ पुराव्यानिशी सांगायचा असतो. अध्यक्षांची घंटी वाजते, दोन प्रश्न विचारले जातात आणि पुढच्या वक्त्याचे नाव पुकारले जाते. त्या वीस मिनिटांमागे वर्षानुवर्षांची पायपीट असते, पण समोर बसलेले बहुतेक जण त्याच क्षेत्रातले असतात. ज्या गावाचा, ज्या समाजाचा तो इतिहास, त्यांच्यापैकी क्वचितच कोणी तिथे असते. पुढच्या पानांतले निबंध अशा बाहेर राहिलेल्या वाचकासाठी आहेत. ते हातात घेण्याआधी या कामाची जातकुळी त्याला कळावी, एवढ्यासाठी ही प्रस्तावना.

ही प्रस्तावना मी जिथून लिहितो आहे ते अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातले अ‍ॅशबर्न हे गाव आज डेटा सेंटरांमुळे जगभर ओळखले जाते. डलेस विमानतळापासून जवळ, नव्या वसाहतींनी भरलेले. त्या वसाहतींत मराठी घरेही पुष्कळ. घरोघरी गणपती बसतात, मुलांनी मराठी बोलावे म्हणून आईवडील जिवाचा आटापिटा करतात, आणि ‘आपला वारसा’ हे शब्द आमच्या बोलण्यात सतत येतात. जुलै 2025 मध्ये 12 मराठा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, तेव्हा आनंदाचे संदेश इथेही फोनवर धो धो येत होते. त्या आनंदात मीही होतो. पण किल्ल्यांची मोजमापे कोणी घेतली, टाक्यांत पाणी कसे साठवले जाई याचा अभ्यास कोणी केला, तटबंदीचा कोणता भाग कोणत्या राजवटीचा हे कशावरून ठरले, हे विचारणारा एकही संदेश माझ्या पाहण्यात आला नाही. वारशावर हक्क सांगणाऱ्याने पुराव्याची शिस्तही पत्करली पाहिजे, असे मला मनापासून वाटते. ती शिस्त रोजच्या रोज पाळणारी मंडळी म्हणजे हे संशोधक विद्यार्थी. म्हणून त्यांचे ऐकणे हा वारसाप्रेमाचा पहिला धडा आहे.

महाराष्ट्राला ही परंपरा नवी नाही. अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषदेचे पहिले अधिवेशन 1919 मध्ये पुण्यात, भांडारकर संस्थेच्या पुढाकाराने भरले आणि त्याचे अध्यक्ष खुद्द रा. गो. भांडारकर होते. आज इंडियन हिस्टरी काँग्रेस म्हणून चालणाऱ्या परिषदेची सुरुवातही 1935 मध्ये पुण्यातच झाली. तिचे यजमान होते भारत इतिहास संशोधक मंडळ. 1910 साली स्थापन झालेल्या या मंडळाने अस्सल कागद समोर ठेवून बोलायची सवय मराठी अभ्यासकांना लावली. जमिनीखालच्या पुराव्याला तशीच मानाची जागा मिळाली ती डेक्कन कॉलेजात. 1821 च्या हिंदू कॉलेजात ज्याचे मूळ आहे ते हे कॉलेज 1934 मध्ये बंद पडले होते. 1939 मध्ये ते पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडले आणि तिथे ह. धी. सांकळिया, इरावती कर्वे आणि भाषाशास्त्रज्ञ सु. मं. कत्रे एकत्र आले.

सांकळियांनी लंडन विद्यापीठातून पीएच.डी. घेतली होती आणि मॉर्टिमर व्हीलर यांच्या हाताखाली इंग्लंडमधल्या मेडन कॅसलच्या उत्खननात काम केले होते. आपल्या विद्यार्थ्यांना त्यांनी एकेक प्रदेश, एकेक नदीखोरे वाटून दिले आणि ते पायी पालथे घालायला लावले. बी. सुब्बाराव यांनी बेल्लारीचा परिसर धुंडाळला, आर. व्ही. जोशी यांनी मलप्रभेचे खोरे, के. पद्दय्या यांनी कर्नाटकातला शोरापूर दोआब. पद्दय्या त्या भागात पुढे कित्येक वर्षे जात राहिले आणि त्यांच्या चिकाटीतून इसामपूरची अश्मयुगीन दगडी हत्यारे घडवण्याची जागा उजेडात आली. तिचा काळ सुमारे बारा लाख वर्षांपूर्वीचा मानला गेला आहे. अशा शोधांची सुरुवात एका विद्यार्थ्याच्या प्रबंधात, गावोगाव हिंडून केलेल्या नोंदींत असते, हे आपण सहज विसरतो.

या परंपरेतली मला सर्वांत मोलाची वाटणारी कहाणी मात्र बर्लिनमधली आहे. इरावती कर्वे 1920 च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या कैसर विल्हेल्म संस्थेत पीएच.डी. साठी गेल्या. त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. वंशावंशांत उच्चनीचता आहे असे मानणाऱ्या आणि पुढे नाझी राजवटीला बळ देणाऱ्या विचाराचे ते मोठे पुरस्कर्ते. माणसाच्या कवटीची उजवी आणि डावी बाजू अगदी सारखी नसते. या असमानतेचा संबंध वंशाशी आणि बुद्धीशी लागतो, युरोपीय माणूस त्यात वरचढ ठरतो, अशी फिशर यांची धारणा होती आणि कर्व्यांच्या मोजमापातून ती सिद्ध व्हावी अशी त्यांची अपेक्षा होती. कर्व्यांनी 149 कवट्या मोजल्या आणि असा कोणताही संबंध दिसत नाही, असे प्रबंधात लिहिले. परक्या देशात, परक्या भाषेत, पदवी ज्यांच्या हातात त्यांच्याच सिद्धांताविरुद्ध एका तरुण मराठी विद्यार्थिनीने आकडे मांडले. पदवी त्यांना मिळाली. पुढे त्या डेक्कन कॉलेजात आल्या आणि 1940 च्या दशकात सांकळियांबरोबर गुजरातेतल्या लांघणज इथे अश्मयुगीन माणसांचे सांगाडे शोधणाऱ्या उत्खननातही सामील झाल्या. पीएच.डी. चे संशोधन कशासाठी असते, असे कोणी विचारले तर मी ही कहाणी सांगतो. समोरचा पुरावा जे सांगेल ते मांडायचे धैर्य अंगी यावे, यासाठी ती वर्षे असतात.

आता हे काम अगदी जवळून पाहू. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने तिथे 1968 ते 1983 अशी वर्षानुवर्षे उत्खनने केली. इ.स.पू. 1600 ते 700 या काळातली शेतकऱ्यांची वसाहत तिथे थराथराने उलगडली आणि तिचा मोठा अहवाल म. के. ढवळीकर, सांकळिया आणि झै. दा. अन्सारी यांच्या नावाने 1988 मध्ये प्रसिद्ध झाला. अशा जागी विद्यार्थ्याची पहिली ओळख होते ती खापरांशी. जोर्वे पद्धतीचे खापर लाल, चांगले भाजलेले, वर काळ्या रंगात रेघांची नक्षी. टिचकी मारली तर धातूसारखा खणखणीत आवाज येतो. भांड्याची कड पाहून त्याचा आकार ओळखायचा, लांब नळीसारखी तोटी असेल तर तिची वेगळी नोंद करायची, आणि प्रत्येक पिशवीत चिठ्ठी टाकायची: जागेचे नाव, खड्ड्याचा क्रमांक, थर, तारीख. ही चिठ्ठी हरवली तर खापर तेच राहते, पण त्याची साक्ष संपते. मग माती पाण्यात कालवायची, वर तरंगलेले जळके दाणे गाळून घ्यायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओळखायचे. इनामगावचे लोक सातू पिकवत होते हे आपल्याला असल्याच किचकट कामातून कळले आहे.

घराच्या जमिनीखाली त्यांनी आपली लहान मुले पुरली. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची आणि त्यांत मूल निजवायचे. मोठ्या माणसांना उताणे पुरत आणि त्यांचे पाय घोट्याखाली तोडलेले असत. पाच खोल्यांच्या एका घराच्या अंगणात मात्र एक माणूस चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात बसलेल्या अवस्थेत सापडला, आणि त्याचे पाय शाबूत होते. तो गावचा प्रमुख असावा, असा अर्थ ढवळीकरांनी लावला. इ.स.पू. 1000 नंतर ऐसपैस चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. पाऊस कमी झाला, शेती खालावली आणि लोकांना शिकारीवर आणि गुरांवर अधिक विसंबावे लागले, असे त्याचे स्पष्टीकरण देण्यात आले.

अमेरिकेचा धागा इथे येऊन मिळतो. ओरेगन विद्यापीठाचे जॉन ल्युकाक्स यांनी डेक्कन कॉलेजचे सुभाष वाळिंबे यांच्यासह इनामगावच्या मानवी अवशेषांवर, विशेषतः दातांवर, दीर्घ काम केले. त्याच विद्यापीठात ग्वेन रॉबिन्स शुग या विद्यार्थिनीने पीएच.डी. साठी दख्खनच्या ताम्रपाषाणयुगीन बालकांचे सांगाडे निवडले आणि त्यासाठी ती पुण्याला आली. दातांवरून मुलाचे वय कळते. हाडांची लांबी आणि जाडी पाहिली की त्या वयाला हवी तेवढी वाढ झाली होती का, हे कळते. या दोन्हींची सांगड घालून इ.स.पू. 1000 नंतरच्या काळातल्या मुलांची वाढ खुंटत होती, असे तिने दाखवले आणि केवळ दुष्काळावर बोट ठेवून थांबता येणार नाही, शेतीची पद्धत आणि लोकसंख्या यांचाही विचार करावा लागेल, असा वाद पुढे नेला. 2011 मध्ये हे काम पुस्तकरूपाने आले. ढवळीकरांच्या पिढीने काळजीपूर्वक पुरावा गोळा केला, जपून ठेवला आणि त्याच कपाटांतून तीस वर्षांनी दुसऱ्या खंडातल्या एका विद्यार्थिनीने त्यांच्याच अनुमानाला प्रश्न विचारला. यात कोणाचा पराभव झाला नाही. आधीचे काम इतके नेटके होते म्हणून तर नवा प्रश्न विचारता आला.

विद्यापीठाबाहेरच्या माणसांचा हातभार नसेल तर यातले पुष्कळसे घडत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दायमाबादला 1974 मध्ये रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशा चार अद्भुत धातुशिल्पांचा साठा सापडला. सगळे मिळून वजन 60 किलोंहून अधिक. तो शोधणारा पुरातत्त्वज्ञ नव्हता, स्थानिक भिल्ल शेतकरी होता. कोकणातल्या कातळशिल्पांची गोष्ट तशीच. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या साथीदारांनी सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारांवर हिंडून, गुराख्यांना आणि गावकऱ्यांना विचारून ती एकामागून एक उजेडात आणली, आणि 2022 मध्ये ती युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. आज त्या सड्यांवर प्रबंध लिहिले जात आहेत. गावकऱ्याच्या माहितीला विद्यार्थ्याची शिस्त मिळाली की ती पुरावा होते, आणि त्या पुराव्याची बातमी गावापर्यंत परत गेली की लोक सडा जपतात. हे परत जाणे मात्र फार कमी वेळा घडते. बहुतेक प्रबंध इंग्रजीत असतात आणि ग्रंथालयाच्या फडताळात राहतात. ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर आता लाखो भारतीय प्रबंध कोणालाही मोफत वाचता येतात, तरी दायमाबाद परिसरातल्या शाळामास्तरांनी ते उघडून वाचावेत, अशा भाषेत ते लिहिलेले नसतात.

परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाला वाटते की पुरातत्त्व हे आपण मागे सोडून आलेल्या देशातले प्रकरण आहे. अ‍ॅशबर्नने माझी ही समजूत मोडली. या गावाचे जुने नाव फार्मवेल. आज ते एका शाळेच्या नावात उरले आहे. जुन्या रेल्वेमार्गावर आता पायवाट आहे आणि संध्याकाळी आमच्यातले अनेक जण तिच्यावर चालायला जातात. सात नंबरच्या महामार्गाजवळ, बेलमाँट नावाच्या जुन्या मळ्याच्या जमिनीवर, झाडीत एक दफनभूमी आहे. त्या मळ्यावर गुलाम म्हणून राबलेल्या काळ्या माणसांना तिथे पुरले होते. त्यांच्यापैकी कोणाच्या नावाचे थडगे नाही; ओबडधोबड दगड आणि जमिनीतले खळगे एवढीच खूण. पाद्री मिशेल थॉमस यांनी तिचा पाठपुरावा केला, लोकांना गोळा केले आणि पुढे ती जागा लाउडन फ्रीडम सेंटरच्या ताब्यात आली. चहूबाजूंनी घरे उठत असताना एक दफनभूमी टिकली, कारण कोणीतरी खळगे ओळखले आणि मोजले.

याच गावात 1892 मध्ये काळ्या मुलांसाठी बांधलेली लहानशी शाळा आहे. कायद्याने वेगळी ठेवलेली मुले 1950 च्या दशकाच्या अखेरीपर्यंत तिथे शिकत होती. जवळच्या एका शाळेच्या विद्यार्थ्यांनी ती डागडुजी करून उभी करायला घेतली होती. 2016 च्या शरदात पाच किशोरवयीन मुलांनी तिच्या भिंतींवर द्वेषाची चिन्हे आणि घोषणा रंगवल्या. सरकारी वकील आलेहांद्रा रुएदा यांनी त्यांच्यासाठी वेगळीच शिक्षा सुचवली आणि न्यायालयाने ती मान्य केली: 35 पुस्तकांच्या यादीतून वर्षभर दर महिन्याला एक पुस्तक वाचायचे आणि त्यावर लिहून द्यायचे. अज्ञानावर वाचनाचा उतारा शोधणाऱ्या या निर्णयाचा मला आदर वाटतो. आम्हा मराठी माणसांना त्यातून शिकण्यासारखे आहे. 5 जानेवारी 2004 रोजी एका पुस्तकाच्या रागापोटी जमाव भांडारकर संस्थेत घुसला आणि पोथ्या-पुस्तकांची नासधूस झाली. आपल्या इतिहासाच्या प्रेमाखातर आपल्याच इतिहासाचे पुरावे फाडले गेले. तो दिवस आठवला की आजही लाज वाटते. संशोधन न पटणे हा वाचकाचा हक्क आहे. त्याचे उत्तर दुसऱ्या पुराव्याने द्यायचे असते.

नोंदीची ताकद किती, याचे एक उदाहरण तामिळनाडूतले आहे. श्रीपुरंतान गावच्या मंदिरातली नटराजाची मूर्ती चोरीला जाऊन ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनात पोहोचली होती. पुद्दुचेरीच्या फ्रेंच संस्थेने दक्षिणेतल्या मंदिरांची छायाचित्रे पिढ्यान्‌पिढ्या काढून ठेवली आहेत. त्यांतली या मूर्तीची छायाचित्रे चोरीच्या आधीची होती. त्यांच्या आधारे मूर्ती मुळात कुठली हे दाखवता आले आणि 2014 मध्ये ती भारतात परत आली. गावोगाव जाऊन मूर्तींची, शिलालेखांची, वीरगळांची म्हणजे वीरांच्या स्मारकशिळांची नोंद करणारा विद्यार्थी असल्याच कामाचा पाया घालत असतो. महाराष्ट्रात आजही कितीतरी वीरगळ पाराखाली किंवा शेताच्या बांधावर उघड्यावर आहेत. काही तर शेंदूर फासल्यामुळे ओळखूच येत नाहीत.

हे काम करणाऱ्यांची परिस्थिती वाचकाने जाणून घ्यावी. उत्खननाला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा परवाना लागतो, त्यामुळे एकट्या विद्यार्थ्याला खणता येत नाही. तो पृष्ठभागाचे सर्वेक्षण करतो किंवा जुन्या उत्खननातले साहित्य नव्या प्रश्नांनी तपासतो. काळ ठरवायच्या प्रयोगशाळा महाग पडतात. शिष्यवृत्ती संपते, प्रबंध संपत नाही. घरचे लोक नोकरीचे विचारतात. अमेरिकेत चित्र थोडे वेगळे असले तरी इथेही प्राचीन इतिहासाच्या प्राध्यापकीच्या जागा थोड्या आणि उमेदवार पुष्कळ. इतके सारे सोसून जो विद्यार्थी एखाद्या खोऱ्यातल्या चाळीस गावांचा तक्ता आपल्यापुढे ठेवतो, त्याचा तक्ता शांतपणे वाचणे ही आपल्याकडून त्याला मिळणारी खरी दाद आहे.

पुढचे निबंध कसे वाचावेत? त्यांत मोठमोठी विधाने शोधू नका. चांगला शोधनिबंध लहान प्रश्न घेतो आणि त्याचा तळ गाठतो. प्रत्येक ठिकाणी तीन गोष्टी पाहा: विधान कोणत्या पुराव्यावर उभे आहे, तो पुरावा कुठून आणि कसा मिळाला, आणि कोणता नवा पुरावा सापडला तर लेखक आपले विधान मागे घेईल. ‘असावे’, ‘शक्यता आहे’ हे शब्द आले तर त्यांना कच्चेपणा समजू नका. जेवढा पुरावा तेवढेच बोलायची ती सवय आहे. नेवासे, जोर्वे, इनामगाव ही नावे आली की नकाशा उघडा. शक्य असेल तर पुढच्या सुट्टीत मुलांना घेऊन मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात दायमाबादची शिल्पे पाहा आणि त्यांना सांगा की ही एका शेतकऱ्याला सापडली.

अ‍ॅशबर्न आणि आसपासच्या मराठी घरांना माझी थेट विनंती आहे. इथून सिल्व्हर लाइनची मेट्रो थेट स्मिथसोनियन स्थानकाला जाते. तिथल्या आशियाई कलेच्या संग्रहालयात भारतातली शिल्पे आहेत. ती पाहताना शेजारची पाटीही वाचा आणि ही वस्तू इथवर कशी आली, असा प्रश्न मुलांना विचारायला शिकवा. आपल्या मंडळांच्या कार्यक्रमांत नाटक आणि गाणे असतेच. वर्षातून एक दुपार एखाद्या संशोधक विद्यार्थ्याला द्या, भारतातला असेल तर पडद्यावरून बोलू द्या, आणि त्याला वीस मिनिटांऐवजी तासभर बोलू द्या. गावच्या वाड्यात मोडी कागदांचे दप्तर पडून असेल तर ते जाणत्या संस्थेला दाखवा, निदान त्याची छायाचित्रे करू द्या. आणि संशोधनाचा निष्कर्ष आपल्या घराण्याच्या, जातीच्या किंवा प्रांताच्या आवडत्या आख्यायिकेला धरून नसेल, तर रागावण्याआधी पुरावा मागा.

कर्व्यांनी कवट्या मोजल्या तेव्हा त्यांच्या आकड्यांना बर्लिनमध्ये टाळ्या मिळाल्या नसतील. तरी ते आकडे खरे होते आणि ज्या सिद्धांताला ते जुळले नाहीत तो सिद्धांत जगाला फार महाग पडला. आज जे तरुण नेटाने मोजताहेत, वाचताहेत आणि नोंदवताहेत त्यांना त्यांच्या हयातीत, त्यांच्याच भाषेत श्रोते मिळावेत, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप आहे. हे निबंध वाचा, अडेल तिथे शंका काढा आणि त्या शंका लेखकांपर्यंत पोहोचवा. त्यांच्या पुढच्या कामाला या शंकांचा उपयोग होईल.

अ‍ॅशबर्न, व्हर्जिनिया